पांढरी सहा ते पांढरी सहा

तुम्हाला खरं सांगते, हे किस्से मी जमवायला गेले नव्हते. मिठाईच्या खोक्यांचे रबर कोणी मुद्दाम साठवतं का? तरी एक दिवस स्वयंपाकघरातल्या हुकाला त्यांचा गुच्छ लोंबताना दिसतोच. माझंही तसंच झालं. बँकेने कराडहून उचलून लखनौला टाकलं, नवरा पुण्यात नोकरीला, जानकीपुरममधलं भाड्याचं घर आणि रविवारची खायला उठणारी सकाळ. मागच्या गल्लीत एका गेटवर पाटी दिसली, 'कीबोर्ड सिखाया जाता है। उम्र की क़ैद नहीं।' मी गेट ढकललं. त्याला आता तीन वर्षं झाली आणि हुकावर जागा उरलेली नाही.

पाटी होती रिझवी सरांची. साठी ओलांडलेले, शिडशिडीत, पूर्वी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांच्या पुढच्या खोलीत दोन कीबोर्ड, एक जुनी पेटी आणि भिंतीवर एक पांढरा बोर्ड, एवढाच क्लास. सर कोणालाही कधी 'चूक' म्हणत नाहीत, लखनौचे आहेत. तुम्ही कितीही भयंकर वाजवा, ते डोळे मिटून पूर्ण ऐकतात आणि हळूच म्हणतात, "ये भी एक राय है।" मत म्हणून ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ! पहिल्या सहा महिन्यांत माझी इतकी मतं झाली की एखादा पक्ष काढता आला असता.

*

पहिल्या दिवसाचा किस्सा आधी. मला एवढंच माहीत होतं की मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी. सरांना म्हटलं, मला दुःखी शिकवा, तेच जास्त चांगलं वाटतं. त्यांनी बरं म्हटलं.

सर आमच्याशी पेटीवाल्यांच्या भाषेत बोलतात. पांढऱ्या पट्ट्या एक ते सात, काळ्या एक ते पाच. त्यांनी माझा अंगठा पांढरी सहावर ठेवला. तिथून वरच्या पांढरी सहापर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या, की झाली मायनर स्केल. आता त्यातून कॉर्ड बनवायचा. "एक लीजिए, एक छोड़िए, एक लीजिए।" अंगठा पांढरी सहावर, मधलं बोट वरच्या पांढरी एकवर, करंगळी पांढरी तीनवर. तिन्ही एकदम दाबल्या आणि खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. बाहेर सकाळचे साडेनऊ वाजले होते.

मग सरांनी फक्त माझं मधलं बोट उचललं आणि शेजारच्या काळी एकवर ठेवलं. अंगठा हलला नाही, करंगळी हलली नाही. लख्ख उजाडलं! मी बोट खाली-वर करत बसले. संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ, सकाळ. एवढ्याशा अंतरावर सगळा कारभार आहे हे मला कोणी चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, "बीच वाली उँगली का खेल है, और कुछ नहीं।"

मग 'एक लीजिए, एक छोड़िए' करत सातही पट्ट्यांवर कॉर्ड बांधायला लावले. मला वाटलं, मायनर स्केल आहे, सातही रडके निघणार. निघाले तीनच. तीन चक्क हसरे होते आणि पांढरी सातवरचा एक डळमळीत, कुठेच न टेकणारा. मी म्हटलं, सर, स्केल तर दुःखाची आहे ना?

"तो आप क्या समझी थीं, ग़मगीन आदमी हँसता नहीं?"

बोर्डवर मात्र त्यांनी एक नियम ठसठशीत लिहिला होता, तो आजही आहे. कुठेही फिरा, शेवटी घरी परत यायचं. पांढरी सहाच्या मायनर गाण्याचं घर म्हणजे पांढरी सहाचा मायनर कॉर्ड. यावर कोणाला मत मांडायची परवानगी नव्हती.

*

मी एकटी काय म्हणून मरू, म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लासची माहिती टाकली. त्यातून अलकाकाकू आल्या. मूळच्या अकोल्याच्या, चाळीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या, मंडळाच्या गणपतीची आरती त्यांच्याशिवाय सुरूच होत नाही.

काकू कीबोर्डसमोर बसल्या, उजव्या हाताने झकास सूर धरला आणि डावा हात आपोआप कीबोर्डच्या मागे जाऊन भाता मारायला लागला! भाता नाहीच तिथे. हात हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. तिसऱ्या फेरीला बोटांत अ‍ॅडॉप्टरची वायर अडकली आणि कीबोर्ड बंद.

"हवा संपली वाटते," काकू म्हणाल्या. मग स्वतःच हात बघून ओशाळल्या. "काय करू सर, हा हात चाळीस वर्षांपासून हेच करून राहिला."

मी हसून लोळले. सर हसले नाहीत. त्यांनी काकूंचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या, जाड सुरांवर ठेवला आणि सांगितलं, याला थांबवू नका, फक्त इथे चालू द्या. काकूंनी उजव्या हाताने मायनर कॉर्ड धरला आणि डावा हात भाता मारायच्या सवयीने खालच्या पांढरी सहावर पडायला लागला. दाब, सोड, दाब, सोड. काय तो ठेका! वर्षभर मेट्रोनोमची टिकटिक लावून माझा जो डाव्या हाताचा बेस बसला नव्हता, तो काकूंच्या हातात चाळीस वर्षं आयता पडून होता. मी हसणं बंद केलं.

*

काकूंच्या पाठोपाठ ऋतुजा आली. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, वडील हवाई दलात. तिच्याशी मराठीत बोला, सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. तिला प्रत्येक गोष्टीचं 'लॉजिक' लागतं. एकदा ती आठवडाभर चिडलेली होती. मायनरचा एक प्रकार आहे, त्यात वर जाताना सहावा आणि सातवा सूर उंच करायचे आणि खाली येताना परत उतरवायचे. ऋतुजाचं म्हणणं, "सर, स्केल है तो एक होनी चाहिए ना! ऊपर अलग, नीचे अलग, ये तो चीटिंग है।"

अलकाकाकू पिशवीतून चष्मा शोधत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमच्याकडे कितीतरी राग असेच. जायचा रस्ता एक, यायचा दुसरा." आणि पेटी ओढून त्यांनी तिथल्या तिथे दोन-तीन रागांचे आरोह-अवरोह वाजवून दाखवले.

रिझवी सर खुर्चीवरून उठले. कपाळापर्यंत हात नेऊन, किंचित झुकून त्यांनी काकूंना आदाब केला. काकू इतक्या गोंधळल्या की त्यांनी उलट नमस्कार करताना चष्मा पाडला.

*

आता पेंडसेकाकांचं सांगते. ते तेलीबागेहून स्कूटरवरून येतात, म्हणजे अख्खं शहर ओलांडून. सरकारी कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, काय शिकायचंय? काकांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, ही एक धून आहे, मला फक्त हिच्याखाली कॉर्ड लावायला शिकायचंय, बाकी काही नको.

फोनवर एक बाई गुणगुणत होती. शब्द नव्हते. त्या सुधाकाकू, त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं संपूर्ण गेलं. एक शब्द येत नाही, काकांचं नावसुद्धा नाही. पण दुपारी खिडकीशी बसल्या की ही धून येते. कुठल्या गाण्याची ते काकांना माहीत नाही. अलकाकाकूंनाही ओळखता आली नाही, म्हणजे बहुतेक कुठल्याच नाही. सुधाकाकू कधी गाणं शिकल्या नव्हत्या, कुठलं वाद्य हातात धरलं नव्हतं.

"धून पूर्ण होत नाही," काका म्हणाले. "रोज त्याच जागी थांबते. शेवटच्या सुराच्या आधी. मग ती माझ्याकडे बघते, रडते आणि दिवसभर पुन्हा गात नाही. मला वाटतं, खालून आधार मिळाला तर जाईल ती शेवटपर्यंत."

डॉक्टरांनी कसलाही भरवसा दिला नव्हता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सरांनी ते रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. मग म्हणाले, थोडं इकडेतिकडे आहे, पण पांढरी सहाच आहे, मायनरच आहे. "भाभी सुर में हैं।" काकांनी रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

*

त्यानंतर आमचा सगळा क्लास त्या धुनेभोवतीच फिरायला लागला. काका बत्तीस वर्षं टेस्टिंग विभागात होते, त्यामुळे त्यांची एक वही आली. रोज दुपारी घरी कीबोर्डवर वाजवायचं, सुधाकाकूंची प्रतिक्रिया टिपायची, रविवारी आम्हाला वाचून दाखवायची. पहिला, चौथा आणि पाचवा, असे स्केलमधले तिन्ही दुःखी कॉर्ड त्यांनी क्रमाने लावले होते. पहिला, मान्य. चौथा, मान्य. पाचवा, 'मान हलवली. नापास.' पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारीही तेच.

"भई, उस्ताद तो वो हैं," सर म्हणाले. "हम सब शागिर्द हैं।" आणि त्या दिवशी त्यांनी आम्हाला पुढचं दार उघडून दिलं. तो पाचवा कॉर्ड पांढरी तीन, पाच, सात असा होता. सरांनी मधलं बोट पांढरी पाचवरून उचलून काळी चारवर नेलं. पुन्हा तेच मधलं बोट! आणि जो कॉर्ड आत्तापर्यंत नुसता दारात उभा होता, तो हाताला धरून घराकडे ओढायला लागला. त्यानंतर पहिला कॉर्ड न वाजवणं अशक्य झालं.

"ही तर किरवाणी," अलकाकाकू कुजबुजल्या. काळी चार घेतल्यावर स्केलचे सातही सूर त्यांच्या किरवाणी रागाचे झाले होते. चाळीस वर्षं वाजवलेला राग असा तीन-तीन सुरांच्या गटाने चालत समोर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पुढच्या रविवारी काका वेळेच्या अर्धा तास आधी आले. वही उघडली, पण वाचेचना. मग आम्हीच डोकावलो. इंजिनियरच्या अक्षरात एकच ओळ होती, 'काळी चारला तिने डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे बघितलं.'

धून मात्र अजूनही शेवटच्या सुराआधीच थांबत होती.

*

ऋतुजाला हे बघवेना. तिने ते रेकॉर्डिंग कुठल्याशा अ‍ॅपमध्ये घातलं. अ‍ॅपने दोन सेकंदांत निकाल दिला की ही मायनर नाहीच, पांढरी एकची मेजर आहे. अ‍ॅपच्या बाजूने बोलायचं तर, दोन्हींच्या पट्ट्या अगदी त्याच सात. ऋतुजाने फोन सरांसमोर धरला. सरांनी फोनचंही पूर्ण ऐकून घेतलं, डोळे मिटून. मग फोनलाच म्हणाले, "ये भी एक राय है।"

ऋतुजा हटून बसली. सातही सूर तेच असतील तर फरक काय आणि कशावरून ओळखायचा?

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "बेटा, सुर वही सात हैं। फ़र्क़ बस इतना है कि शाम को लौटते कहाँ हैं।"

ऋतुजाने हे वहीत लिहून घेतलं. तिने 'लॉजिक'च्या वहीत हिंदी वाक्य लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

*

त्याच ऋतुजाने गणपतीत मंडळाची फजिती केली. कार्यक्रमात आम्ही एक मायनरमधली रचना बसवली होती. अलकाकाकू पेटीवर, ऋतुजा कीबोर्डवर. शेवट आला. काळी चारवाला कॉर्ड वाजला, आता घर. मांडवभर माणसांनी टाळ्यांसाठी हात उचलले, अध्यक्ष माइक घेऊन आभाराला उभे राहिले आणि ऋतुजा पांढरी सहावर न जाता पांढरी चारच्या कॉर्डवर गेली. मुद्दाम. सरांनी हे तिला आदल्या रविवारीच शिकवलं होतं.

सगळ्या मांडवाचे हात हवेत थांबले. तुम्हाला सांगते, मी ते कधी विसरणार नाही. चिनहटच्या कारखान्यातले लोक, एअरफोर्सच्या वहिनी, लाडू वळून आलेल्या मावश्या, कॉर्ड हा शब्द ज्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता अशी माणसं. प्रत्येकाला कळलं होतं की अजून संपलेलं नाही! अध्यक्ष तोंड उघडं ठेवून तसेच उभे. मग ऋतुजाने सावकाश घरचा कॉर्ड दाबला आणि टाळ्यांनी मांडव फुटला.

मागे उभे असलेले रिझवी सर माझ्या कानाशी म्हणाले, "देखा? किसी को सिखाया नहीं, और सबको आता है।"

माझ्या शेजारी पेंडसेकाका होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, विचार करत होते.

*

गणपती झाल्यावरच्या रविवारी काकांनी क्लास आपल्या घरी बोलावला. नवीन काही नाही, एकदा तुम्ही सगळे बघा, म्हणाले. त्यांच्या मते चूक त्यांच्या हातात होती आणि ती सरांना दिसेल. आम्ही चौघं तेलीबागेत पोहोचलो. सुधाकाकू खिडकीशी बसल्या होत्या, नीट विंचरलेल्या, उजवा हात मांडीवर. त्यांच्या खुर्चीला लागूनच काकांनी कीबोर्ड मांडला होता. आम्ही नमस्कार केला. त्यांनी प्रत्येकाकडे नीट बघितलं.

काकांनी ऑर्गनचा आवाज लावला आणि पहिला कॉर्ड धरला. बऱ्याच वेळाने सुधाकाकूंनी सुरुवात केली. फोनमध्ये ऐकणं वेगळं. ती धून अगदी समोर, शब्दांशिवाय, एका माणसाच्या गळ्यातून येत होती, आणि खालून काका एकेक कॉर्ड तिच्या पावलाखाली ठेवत होते. पहिला, चौथा, मग काळी चारवाला पाचवा. त्या तिथे पोहोचल्या आणि थांबल्या. रोजच्यासारख्या.

काकांनी घरचा कॉर्ड वाजवला. पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी तीन. बरोबर वाजवला, चूक काहीही नव्हती.

सुधाकाकूंनी मान हलवली.

काकांनी ऋतुजाचा पांढरी चारवाला कॉर्ड करून बघितला. मान हलली. अ‍ॅपचा पांढरी एकचा मेजर केला. पुन्हा मान हलली, आता डोळे भरून आले होते. काकांनी सरांकडे बघितलं. सर पुढे झुकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भाभी, घर तो यही है। मायनर ही है।"

काकांनी पुन्हा घरचा कॉर्ड धरला आणि धरूनच ठेवला, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

सुधाकाकूंनी डावा हात उचलला. तो कीबोर्डपर्यंत यायला खूप वेळ लागला. त्यांनी काकांचा अंगठा तसाच राहू दिला, करंगळी तशीच राहू दिली. त्यांचं मधलं बोट तेवढं दोन बोटांच्या चिमटीत धरलं, पांढरी एकवरून उचललं आणि शेजारच्या काळी एकवर नेऊन दाबलं. संध्याकाळची सकाळ झाली.

आणि मग त्यांनी शेवटचा सूर लावला. पूर्ण, संपेपर्यंत.

रिझवी सर सवयीने म्हणायला गेले, "ये भी एक..." आणि थांबले. मग ते उठले, कपाळापर्यंत हात नेला आणि सुधाकाकूंसमोर झुकले. काकूंचं लक्ष नव्हतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

ऑर्गनचा आवाज बोट उचलेपर्यंत जात नाही. काकूंनी आपला हात कधीच काढून घेतला होता. काकांनी बोट उचललं नाही.